खडकडोहची मोजणी

आमच्या घराण्यात धावणारं माणूस आजवर झालं नाही. पणजोबा तहशिलीत, आजोबा कोर्टात, वडील जिल्हा परिषदेत आणि मी वणीच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या हिशेबखात्यात, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बसलेले लोक. डोळ्यांदेखत एसटी निघून गेली तरी आम्ही हात करत नाही, पुढच्या गाडीची चौकशी करतो. त्यामुळे आमची गुंजन पदवी हातात पडल्यावर म्हणाली, "बाबा, मी पोलीस भरतीत उतरणार," तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे त्यांच्या ऑफिसात?"

"नाही. शिपाई."

मी कप पुन्हा उचलला. त्यात चहा नव्हता, पण काहीतरी करायला हवं होतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव नव्हता, जो होता तो मिळत नव्हता, आणि कापूस येईना म्हणून आमची जिनिंग वर्षातले थोडेच दिवस चालायची. माझी खुर्ची जाग्यावर होती, टेबल जाग्यावर होतं, पगार मात्र त्याला वाटेल तेव्हा यायचा. घरात एक तरी सरकारी नोकरी पाहिजे हे मलाही कळत होतं. ती आपल्याच मुलीने दंडुका हातात घेऊन आणावी, एवढंच कळत नव्हतं. ते मला आमच्या सौ.ने समजावलं. सुचित्रा म्हणाली, "अहो, तिले धावता येते तं धावू द्या न. तुमच्या बसण्यानं काय झालं ते पाहून राह्यलो आपण."

लेखी परीक्षेची गुंजनला भीती नव्हती. प्रश्न धावण्याचा होता, आणि त्याहून मोठा प्रश्न, कुठे धावायचं? शाळेच्या मैदानावर कापसाच्या बैलगाड्या सरकारी खरेदीची वाट पाहत मुक्काम ठोकून होत्या. गुंजन पहिल्या दिवशी तिथे गेली आणि एका बैलाला वळसा घालताना दुसऱ्याच्या वैरणीत पडली. मग ती सडकेवर धावू लागली. आमच्या वणीची सडक म्हणजे कोळशाच्या ट्रकांची खासगी मालमत्ता. आठवडा झाला नाही तोच एका ट्रकने तिला असा दाब दिला की पोरगी नालीत गेली. कोपरं सोलली, गुडघा फुटला. मलम लावता लावता सुचित्रा म्हणाली, "आता सडकेवर पाय ठेवायचा नाही. जागा सापडली तं ठीक, नाही तं भरती विसर." गुंजन रात्री जेवली नाही. भरती पावसाळ्याच्या तोंडावर होती, आणि जागा शोधायचं काम न बोलता माझ्याकडे आलं.

आता आमच्या गल्लीत कुठलीही अडचण जफरभाईंच्या परवानगीशिवाय सुटत नाही. जफरभाई मोटारी रिवाइंड करतात, फटफट्या दुरुस्त करतात, आणि हात ग्रीसने भरलेले असताना तोंडाने सगळ्या गल्लीचा संसार चालवतात. माझी कथा ऐकून त्यांनी पाना खाली ठेवला.

"फिकर कायले करता नरहरभाऊ? खडकडोहले चला न!"

खडकडोह ही चुन्याच्या दगडाची जुनी खाण. झरीकडे जाणाऱ्या रस्त्याला आत आहे. दगड संपला तेव्हा खाणवाले निघून गेले, आणि खड्डे, ढिगारे नि गावातली बेकार माणसं मागे ठेवून गेले. पुढे वनखात्याने ती जागा घेतली, ढिगाऱ्यांवर झाडं लावली, फाटकावर 'निसर्ग राखीव क्षेत्र' अशी पाटी ठोकली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा थक्क झालो. खाणीच्या खड्ड्यांत हिरवं पाणी, काठावर बगळे, ढिगाऱ्यांवर कडुनिंब आणि पळस, मोरांचं ओरडणं, आणि सबंध जागेत एक ट्रक नाही. तिथल्या पायवाटेवर गुंजन थोडी धावून परत आली, तेव्हा तिचा चेहरा लहानपणी जत्रेतून परतताना असायचा तसा झाला होता.

फक्त तिथे वाटा म्हणजे गुंता होता. शेळ्यांच्या वाटा, डुकरांच्या वाटा, आणि मध्येच संपून खड्ड्यात उतरणाऱ्या वाटा. गुंजन एकदा धावता धावता थेट पाण्याच्या काठाशी निघाली आणि मीच ओरडून बेशुद्ध पडायचा राहिलो. तेव्हा वाटा नीट आखून घ्यायच्या असं ठरलं. ठरवलं जफरभाईंनी. मी मान हलवली.

आखायचं तर परवानगी पाहिजे, कारण मी सरकारी-निमसरकारी रक्ताचा माणूस. वनखात्याच्या कार्यालयात मी रीतसर अर्ज दिला. तिथल्या बाबूंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, चराई आहे, तेंदूपत्ता आहे, मोहफूल आहे, सरपण आहे. धावणं कुठी बसवू?"

"पर्यटन?"

"त्यासाठी वरून मंजुरी लागते. भरती होऊन जाईन, मंजुरी नाही येणार." त्यांनी डोकं खाजवलं. मनाने चांगला माणूस होता. "असं करू, चराईत टाकू. सकाळी येते, फिरून जाते, झाडाले इजा करत नाही. काय फरक आहे?"

अशा रीतीने माझ्या पदवीधर कन्येला खडकडोहच्या राखीव क्षेत्रात चरण्याची परवानगी मिळाली. 'जनावराचा प्रकार' या रकान्यात बाबूंनी सभ्यपणे आडवी रेघ मारली, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. घरी मी कागद दाखवला नाही. परवानगी आहे, एवढंच सांगितलं.

मग मोजणी. जफरभाईंनी जुन्या सायकलच्या चाकाला दांडा जोडून ढकलत न्यायचं एक यंत्र केलं. वाट सरळ दिसावी म्हणून बांबूंना लाल-पांढरे पट्टे मारले. तीन वाटा ठरल्या: दमसास वाढवायला लांब वाट, वेगासाठी मधली, आणि चढाच्या सरावाला ढिगाऱ्यावरून जाणारी. गोंधळ नको म्हणून तीन रंग. लांब वाटेला चुना, मधलीला गेरू, चढाच्या वाटेला नीळ. चुना आमच्याकडे भट्टीवर मिळतो, गेरू किराणा दुकानात, आणि नीळ सुचित्राने दिली, कपाळाला आठ्या घालून.

उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून मी सफारी घातली. डोक्यावर टोपी, हातात फाइल, कारण परवानगी जवळ ठेवणं कायदेशीर असतं. गळ्यात पाण्याची बाटली. मी पुढे फाइल घेऊन, मागे जफरभाई चाक ढकलत, मधूनमधून पट्टेरी बांबू रोवत आणि रंगीत पूड टाकत, अशी आमची मिरवणूक राखीव क्षेत्रातून आणि त्याला लागून असलेल्या शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, निघाली.

धुऱ्यावर एक धिप्पाड माणूस उभा होता. मिशा पांढऱ्या, कानात बाळी. हा देवसिंग, खाणीशेजारच्या खडकडोह या बंजारा तांड्याचा पुढारी आणि गावच्या वनसमितीचा अध्यक्ष.

"रामराम साहेब. मोजणी काय?"

मला आयुष्यात हिशेबनीस, बाबूजी, "ओ काका" असं सगळं म्हटलं गेलं आहे. साहेब कोणी म्हटलं नव्हतं. मी टोपी सारखी केली. "हो, मोजणी."

"परवानगी हाय?"

"अर्थात." मी फाइलवर बोट वाजवलं.

"आन् ह्या तीन रंगाच्या रेघा?"

"तीन टप्पे आहेत," मी गंभीरपणे म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं. देवसिंगाने लगेच पोराला पाठवून आमच्यासाठी चहा मागवला, खाटेवर घोंगडी टाकली, आणि मी दुसरा कप घेईपर्यंत उठू दिलं नाही. चहा उत्तम होता. मी गावाचं कौतुक केलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

कोळशाच्या आणि चुन्याच्या मुलखात शेतात रंगीत रेघ पडली की तिचा अर्थ एकच असतो, हे मला कळायला हवं होतं. रेघ म्हणजे खाण. खाण म्हणजे जमिनीचा मोबदला आणि घरटी एक नोकरी. आणि मोबदला कोरड्या जमिनीला कमी, विहिरीला जास्त, फळबागेला त्याहून जास्त. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. कापसाने दगा दिलेल्या वर्षात खडकडोहला बातमी गेली की बंद खाण पुन्हा उघडणार, टोपीवाले साहेब मोजून गेले.

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तर रेघांच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याची कलमं उभी. नुसत्या काड्या, पण ओळीत. एका धुऱ्यावर तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांची झोपडी, तिच्यावर 'किराणा दुकान' असा खडूने लिहिलेला पत्रा. पलीकडे देवसिंग चार माणसं लावून विहीर खोदून राहिला होता. मला पाहून त्याने हात जोडले. मला वाटलं, किती उद्योगी गाव आहे! जफरभाईंना म्हणालो, "लोक म्हणतात शेतकरी खचला. इथे बघा." जफरभाईंनीही डोळे पुसले.

आणखी एक गोष्ट झाली. रेघांवरची काटेरी झुडपं तोडलेली, खळगे मुरमाने बुजवलेले, ओघळावर फरशी टाकलेली. मोजणीवाल्या साहेबांची जीप अडू नये म्हणून गावाने हे केलं होतं, हे मागाहून कळलं. तेव्हा मी ते धावण्याच्या खेळाबद्दलचं प्रेम समजलो. गुंजन त्या वाटांवर रोज धावू लागली. चढाच्या वाटेवरून ती उतरायची तेव्हा मी मनातल्या मनात घड्याळ लावायचो, आणि पोरगी दिवसेंदिवस हलकी होत चालली होती.

मग लोक घरी यायला लागले. पहिला एक जण सातबारा घेऊन आला आणि पांढरी रेघ जराशी त्याच्या वावरातून वळवता येईल का, असं विचारू लागला. मी म्हणालो, "वळवता येईल की, पण वळण फार झालं तर दम लागतो." त्याला वाटलं, साहेब काहीतरी सुचवतात. संध्याकाळी तो कोंबडी घेऊन परत आला. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. कोंबडी सुचित्राच्या देवघरात शिरली आणि समईवर बसली. दुसऱ्या दिवशी निळ्या रेघेवाले आले, की लाल रेघेवाल्यांना जास्त मोबदला का? तिसऱ्याने तर भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोला हार घातला. आता मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. जफरभाईंच्या डोक्यात अजून अंधार होता. ते म्हणाले, "लोक इज्जत देऊन राह्यले नरहरभाऊ, घ्या न!"

इज्जतीचा निकाल वनखात्याने लावला. राखीव क्षेत्राला खेटून अचानक बागा, दुकानं आणि विहिरी उगवल्याचं पाहून वनरक्षक धर्मपाल घरी आला. तरुण, सरळ माणूस. पाणी न पिताच म्हणाला, "काकाजी, साहेब लई तापले. गावात तुमच्या नावानं खाण उघडली म्हणे. रेघा पुसायचा हुकूम हाय. तुमची परवानगी रद्द. पोरीले आता फाटकाच्या आत येता येणार नाही."

गुंजन दारात बूट घालत होती. तिने एक बूट घातला होता. तो काढावा की दुसरा घालावा हे तिला कळेना. भरती अगदी तोंडावर आली होती.

"यातून रस्ता एकच," धर्मपाल हळू आवाजात म्हणाला. "गावची वनसमिती म्हणाली, की ही वाट आम्हाले पाहिजे, तं साहेब नाही म्हणणार नाही. समिती म्हंजे देवसिंग."

म्हणजे मी जाऊन देवसिंगाला सांगायचं, की खाण नाही, नोकरी नाही, मोबदला नाही, तुमची विहीर फुकट गेली, आणि आता माझ्या मुलीसाठी जरा ठराव करून द्या. आयुष्यात मी पहिल्यांदा धावायचा विचार केला, उलट्या दिशेने. पण दारात गुंजन एका बुटावर उभी होती. मी टोपी घरी ठेवली, सफारी काढून साधा सदरा घातला, आणि जफरभाईंच्या एम-एटी फटफटीवर मागे बसलो.

तांड्यावर पोहोचलो तर माणसं जमलेलीच. त्यांना वाटलं, साहेब जाहीर करायला आले. मी उतरायच्या आत गळ्यात हार पडला, नारळ हातात आला, कपाळावर कुंकू. जफरभाईंनाही शाल मिळाली. त्या हारात मान अडकवून मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, मी साहेब नाही. मी जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. खाण उघडणार नाही. त्या रेघा माझ्या मुलीला धावायला आखल्या होत्या. तिला पोलीस व्हायचं आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिथेच सांगायला पाहिजे होतं. साहेब म्हटलेलं गोड लागलं, म्हणून नाही सांगितलं."

लांबवर कोणाची तरी शेळी ओरडली. देवसिंगाच्या मिशा थरथरत होत्या. मी हार काढून परत द्यावा का, याचा विचार करत होतो, कारण मार खाताना तो अडचणीचा झाला असता.

तेवढ्यात मागून हसणं ऐकू आलं. देवसिंगाची आई, बसंतीबाई. हातभर पांढऱ्या बांगड्या, त्यांची ती बलोयी, तोंडात दात मोजके. तरुणपणी ती याच खाणीत दगड फोडायला होती.

"मले तवाच वाटलं होतं," ती म्हणाली. "खाणवाले कधी बसून चहा पेत नाही. गाव चांगलं हाय असं कधी म्हनत नाही. हा मानूस दोन कप पेला आन् चांगलं म्हने. हा कायचा खाणवाला?"

"याडी, तू गप," देवसिंग आपल्या आईवर डाफरला. "माह्या विहिरीचं काय?"

"विहिरीचं काय? पानी लागलं न तिले! कधी खोदनार होता तू? मोबदल्यासाठी खोदली म्हनून तं खोदली."

सगळे देवसिंगाकडे पाहू लागले. देवसिंग जमिनीकडे पाहू लागला. विहिरीला खरंच पाणी लागलं होतं, जुन्या खाणीतलं पाझरलेलं. आणि ते त्याने मोबदला ठरेपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, कारण पाण्याची विहीर म्हणजे आणखी जास्त. आता गावालाच त्याच्यावर रागवायचं की माझ्यावर, हे ठरेना. त्या घोळात माझ्यावरचा राग बराच वाटून गेला.

बसंतीबाईने मला जवळ बोलावलं. "पोरगी एकटीच धावते त्या रानात?"

"हो."

"डुकरं हायत तिथी. काहून एकटी सोडली बाप्पा?" ती माझ्यावर खरीखुरी रागावली, आणि त्या दिवशी गावातला मला झालेला एवढाच त्रास. मग तिने आवाज चढवला. "देवसिंग, कागद कर. आमी खाणीत गेलो तं पोटासाठी गेलो. ही पोरगी पोटासाठीच धावून राह्यली. वाट राहू दे."

देवसिंगाने खूप वेळ मिशी ओढली. शेवटी म्हणाला, "संत्र्याचे कलमं तुमी पानी घालून जगवाचे, साहेब." मी म्हणालो, जगवीन. आणि जगवलीही, निदान पुष्कळशी.

ठराव झाला. धर्मपालने तो स्वतः नेऊन दिला, आणि वनखात्याचे साहेब चिडत चिडत हो म्हणाले. गुंजन पुन्हा धावू लागली. फरक एवढाच की आता निळ्या वाटेच्या वळणावर बसंतीबाई शेळ्या घेऊन बसायची आणि पोरगी जवळ आली की ओरडायची, "चाल चाल, डुक्कर आलं!" कधीकधी खरंच आलेलं असायचं. गुंजन सांगते, की तिचा वेग त्यानेच वाढला.

भरतीच्या दिवशी यवतमाळच्या मैदानावर मी, सुचित्रा आणि जफरभाई कुंपणाला धरून उभे होतो. जफरभाई मुठी आवळून ओठांतल्या ओठांत दुआ मागत होते, सुचित्रा डोळे मिटून होती, आणि मी, आमच्या बसलेल्या घराण्याचा वारस, कुंपणाबाहेरून गुंजनच्या बरोबरीने धावत सुटलो. शेवटच्या वळणावर ती बऱ्याच जणींच्या पुढे होती. मी एका रसवंतीच्या गाड्याला धडकून पडलो, त्यामुळे शेवट पाहिला नाही. तो मला सुचित्राने सांगितला, रडत रडत.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा पेढे घेऊन आम्ही आधी देवाकडे गेलो आणि मग खडकडोहला. तांड्यावर कोणीच नव्हतं. आम्ही राखीव क्षेत्राच्या फाटकातून आत गेलो आणि थबकलो. पावसाने माझ्या रेघा कधीच धुऊन गेल्या होत्या. तरी तिन्ही वाटा पुन्हा आखलेल्या, चुना ताजा, गेरू ताजा, नीळ ताजी, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा सरळ. त्या वाटांवरून पोरी धावत होत्या. कोणी चपला घालून, कोणी अनवाणी, कोणी ओढणी कमरेला खोचून. बसंतीबाई वळणावर बसून डुकराची भीती घालत होती.

देवसिंग आमच्याजवळ आला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "खाणवाले म्हनायचे न साहेब, घरटी एक नोकरी? ते तं आले नाही. मंग आमी घरटी एक पोरगी काढली."

मी त्याला पेढा भरवला. जफरभाईंनी डोळे पुसायला मला आपला रुमाल दिला. तो ग्रीसचा होता. घरी जाईपर्यंत माझं तोंड काळंच होतं, आणि सगळ्या तांड्याने हसत हसत मला तसाच निरोप दिला.